तयार कपाटांचा मधला ओटा, गोव्याच्या हवेत टिकेल असा

मॉड्युलर किचनची तयार कपाटं भिंतीला टेकून उभी राहण्यासाठी बनवलेली असतात. पाठ पातळ, वरून उघडी, शोभा फक्त पुढच्या बाजूला. तीच कपाटं स्वयंपाकघराच्या मधोमध मांडली की तीन गोष्टी बदलतात. मागे आधार नसल्याने ती कलंडू शकतात. पाठ आणि दोन्ही कुशी उघड्या पडतात. आणि फरशी पुसताना, धुताना चारही बाजूंनी पाणी त्यांच्या बुडाशी जातं.

पहिल्या दोन गोष्टी कोणताही सुतार सांभाळतो. गोव्यात ओटा खराब होतो तो तिसरीमुळे. वर्षाला तीन हजार मि.मी.च्या आसपास पाऊस, जुलैत ९० टक्क्यांच्या घरातली आर्द्रता, किनाऱ्याजवळ खारी हवा आणि जमिनीत वाळवी. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एक नियम पाळला आहे: जमिनीला लाकूड टेकवायचं नाही आणि कपाटावर ओलं सिमेंट घालायचं नाही.

आधी जागा मोजा

इथे ६०० मि.मी. रुंदीची तीन कपाटं एका रांगेत, मागच्या बाजूला बसता यावं म्हणून बाहेर आलेला दगड, असा नमुना धरला आहे. दगडाचं माप १८८० × ९०० मि.मी. होतं. चवथीच्या नेवऱ्या करायला चार जण भोवती उभे राहू शकतात, आणि दगड एकाच तुकड्यात मिळतो.

भिंतीकडच्या ओट्याची खोली ६००, मधली वाट १०००, नवा ओटा ९००, मागची वाट ९००. बेरीज ३४००. लांबीच्या दिशेने १८८० आणि दोन्ही टोकांना ८००-८००, म्हणजे ३४८०. थोडक्यात, दोन्ही दिशांनी साडेअकरा फूट मोकळी जागा हवी. मागे स्टूल ठेवून त्यामागून माणसं जायची असतील तर ती वाट १२०० करा. जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात हे सहज बसतं, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा बसत नाही. तिथे दोनच कपाटं घ्या किंवा मागचा बाहेर आलेला भाग सोडून द्या, म्हणजे ओट्याची खोली साधारण ६५५ वर येते. पुढची आणि मागची वाट ९०० च्या खाली नेऊ नका. खालचा खण ओढून माणूस वाकला की त्यालाच ७०० लागतात.

मास्किंग टेपने जमिनीवर आकार आखून तो चार-पाच दिवस तसाच ठेवा. त्यावर रिकामे खोके मांडले तर आणखी चांगलं. फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का, ओव्हनमधून गरम ताट घेऊन मागे सरकता येतं का, परसाकडे जाणारी वाट अडते का, हे कागदावरच्या नकाशात कळत नाही.

मापांची भाषा

कपाटांची मापं मि.मी.मध्ये येतात, मेस्त (सुतार-मिस्त्री) मात्र इंच आणि सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मि.मी. कपाट ६०० चं असतं आणि दोन फूट म्हणजे ६१०. तीन कपाटांत हा फरक ३० मि.मी. होतो, आणि दगड कापून आल्यावरच तो दिसतो. सगळी मापं मि.मी.मध्ये एका कागदावर लिहा आणि सुतार, फॅब्रिकेटर, दगडवाला अशा तिघांना तोच कागद द्या.

उंचीचा हिशेब असा: पाय आणि खालची फट १०३, कपाट ७२०, वरचं प्लाय १८, ग्रॅनाइट २०. एकूण ८६१. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला उभ्याने चिरायला, लाटायला ही उंची बरोबर पडते. बसायला ६०० उंचीचे स्टूल लागतात. बारसाठी मिळणारे ७५० चे घेतले तर मांड्या दगडाला लागतात.

काय आणायचं

– ६०० × ५६० × ७२० ची तीन कपाटं. एकात तीन खण, दोनांत दारं
– १०० मि.मी.चे वरखाली होणारे प्लॅस्टिकचे पाय, १२
– ॲल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन (पोकळ दांडा), ४ इंच × पावणेदोन इंच, १७०० लांबीचे दोन तुकडे
– ४० × ४० × ३ चा ॲल्युमिनियम अँगल, ५० लांबीचे आठ तुकडे
– १८ मि.मी. प्लायवूड, ८ × ४ फुटी दोन शीट
– लोखंडी पट्टी ४० × १०, ५३० लांबीच्या चार, गॅल्व्हनाइज केलेल्या
– ८ मि.मी.चे प्लग आणि ५ × ५० चे स्क्रू, आठ-आठ
– ४ × ३० आणि ४ × ५० चे स्क्रू, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू (आपलं भोक आपणच पाडणारे), न्यूट्रल सिलिकॉनच्या दोन नळ्या
– ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसीची स्कर्टिंग, पाच मीटर
– २० मि.मी. ग्रॅनाइट, १८८० × ९००, म्हणजे सव्वाअठरा चौरस फूट

स्क्रू सगळे स्टेनलेस. पिवळसर मुलामा दिलेले साधे स्क्रू किनाऱ्याजवळच्या घरात दोन पावसाळ्यांत डोक्याशी गंजतात, आणि मग कपाट सोडवताना डोकं तुटून दांडा आत राहतो. ॲल्युमिनियमचा सेक्शन मागायला कुठे लांब जावं लागत नाही. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही खिडक्या बनवणाऱ्याकडे तो असतो आणि तो मापाने कापूनही देतो.

कपाटं कशाची हा सगळ्यात महाग प्रश्न. पार्टिकल बोर्ड इथे घेऊच नये. एका कोपऱ्यातून पाणी शिरलं की भुसा फुगतो आणि परत बसत नाही. एचडीएचएमआर (लाकडाचे तंतू दाबून केलेला दाट बोर्ड) बरा, पण तोही ओलावा सोसणारा आहे, पाणी सोसणारा नाही. सगळ्यात निर्धास्त आयएस (भारतीय मानक) ७१० चं बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्यातही टिकणारं प्लाय, म्हणजे लोक ज्याला मरीन म्हणतात ते. आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर (त्याखालच्या दर्जाचं प्लाय) वरच्या कपाटांना चालतं, मधल्या ओट्याच्या तळाला नको. शीटवर आयएसआयचा शिक्का, आयएस क्रमांक आणि परवाना क्रमांक, तिन्ही छापलेले असायला हवेत. ‘मरीन’ असा नुसता रबरी शिक्का कोणीही मारतो. शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा घेऊन चार तास पाण्यात उकळा. थर सुटले तर माल परत.

कपाटं मुंबई-बंगळुरूहून मागवली असतील तर ट्रान्सपोर्टवाल्यासमोरच खोकी उघडा. कोपरे ठेचलेले असतात आणि एज बँडिंग (कडांवर चिकटवलेली पट्टी) तिथेच सुटतं. एक कोपरा उघडा राहिला तर ओलावा तिथूनच आत शिरतो.

जमिनीला पकड

ज्याला सगळे कंटाळतात ते काम हेच. तीन खण भांड्यांनी भरून एकदम ओढले की वजन पुढे जातं. दगड बसण्याआधी रिकामा सांगाडाही पुढे झुकतो. दगड बसल्यावर ९० किलो वजन येतं खरं, पण ते सगळं वरच्या टोकाला, आणि मागच्या कडेला कोणी जोर देऊन बसलं की ओटा उलट्या दिशेला ओढला जातो. घरात लहान मुलं असतील तर उघड्या खणावर पाय देऊन चढणं होणारच. जमिनीला न बांधलेला ओटा ठेवू नका.

आधी जमिनीतून नळाची लाइन किंवा विजेची नळी गेली आहे का ते बघा. तळमजल्यावर हे हमखास असतं. वाळवीची फवारणी करायची असेल तर तीही आत्ताच, ओटा बसल्यावर तिथे नळी पोचत नाही.

आखलेल्या आकारात लांब लेव्हल फिरवून जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू शोधा. पायांची उंची त्या बिंदूवर १०३ धरून बाकीची ठरते. मग ॲल्युमिनियमचे दोन्ही सेक्शन लांबीच्या दिशेने, ४ इंची बाजू उभी ठेवून मांडा. पुढचा कपाटाच्या पुढच्या कडेपासून १५० आत, मागचा मागच्या कडेपासून १०० आत, दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला. प्रत्येक सेक्शनला चार अँगलचे तुकडे सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने पकडा, आणि अँगलच्या भोकातून जमिनीवर खुणा करा.

व्हिट्रिफाइड टाइल फोडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ड्रिल हॅमरवर ठेवून सुरुवात करणं. खुणेवर मास्किंग टेप लावा, टाइलचं बिट घ्या, हॅमर बंद, वेग कमी, मधूनमधून पाण्याचे थेंब. टाइल पार झाली की ८ मि.मी.चं काँक्रीटचं बिट लावून हॅमर सुरू करा आणि ५५ खोल जा. धूळ फुंकून काढा, भोकात सिलिकॉन भरा, मग प्लग आणि स्क्रू. सिलिकॉनमुळे फरशी पुसतानाचं पाणी खाली उतरत नाही आणि खालून वाळवीला वाटही मिळत नाही.

जुन्या घरात नक्षीच्या सिमेंट टाइल्स असतील तर मात्र ड्रिल लावू नका. तशाच टाइल्स पुन्हा मिळणं अवघड असतं. तिथे कपाटांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून करा. सव्वा मीटर खोलीचा ओटा स्वतःच्या बैठकीवर उभा राहतो. फक्त खण दोन्ही बाजूंना विभागा आणि दगड बाहेर काढू नका. जागा अर्थातच जास्त लागते.

सांगाडे

कपाटं जोडताना कर्णाची दोन्ही मापं घ्या. फरक २ मि.मी.पेक्षा जास्त असेल तर पाठ लावण्याआधी सांगाडा दाबून सरळ करा. पाठ ठोकल्यावर वाकडेपणा कायमचा राहतो, आणि पुढे बिजागऱ्या फिरवून तो जात नाही.

पाय बसवून तिन्ही कपाटं सेक्शनवर ओढून घ्या. मधल्यापासून सुरुवात करा, लेव्हल दोन्ही दिशांनी बघा, मग शेजारची. पुढच्या कडा बोटाने चाचपून एका रेषेत आणा, क्लॅम्प लावा, ३ मि.मी.चं भोक पाडून ४ × ३० च्या स्क्रूने जोडा. दोन जोडांना प्रत्येकी चार, बिजागरीच्या पट्टीआड लपतील असे. दोन बाजू मिळून ३६ मि.मी. जाडी होते. ४० चा स्क्रू घेतला तर टोक शेजारच्या कपाटात बाहेर येतं आणि बोट फाटतं.

आता प्रत्येक कपाटाच्या तळातून खालच्या सेक्शनमध्ये चार सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. जमीन उतरती असेल तिथे सेक्शन आणि तळ यांत फट राहते, ती प्लॅस्टिकच्या चकत्यांनी भरा. फट तशीच ठेवून स्क्रू आवळला तर तळ खाली ओढला जातो आणि वरची लेव्हल बिघडते. स्क्रूच्या डोक्यांवर सिलिकॉनचा ठिपका ठेवा. ओलं भांडं आत ठेवलं जातंच.

पाठ आणि कुशी

तयार कपाटाची पाठ ६ ते ८ मि.मी.ची असते, तिच्यात स्क्रू धरत नाही. म्हणून आधी १०० रुंद, १८०० लांब प्लायच्या तीन पट्ट्या वर, मध्ये, खाली आडव्या मारा. स्क्रू ४ × ५०, कपाटांच्या उभ्या बाजूंच्या कडेत, आधी २.५ चं भोक पाडून. या पट्ट्यांनी तिन्ही कपाटं मागून एकत्र बांधली जातात.

कुशीचे पॅनेल ५९८ × ७२०, शटरच्या (कपाटाच्या दाराच्या) तोंडापासून पट्ट्यांच्या पाठीपर्यंत. ते कपाटाच्या आतून ४ × ३० ने पकडा. मागचा पॅनेल १८३६ × ७२०, तो कुशींच्या कडाही झाकतो. तिन्ही पॅनेल कपाटाच्या तळाशीच थांबवा. जमिनीपर्यंत उतरवलेला पॅनेल दिसायला भारदस्त दिसतो, पण खालची कड रोज ओल्या फडक्याला लागते आणि वर्षभरात सनमायका तिथून उचलतो. जमिनीपासून वरची १०० मि.मी. जागा चारही बाजूंनी स्कर्टिंगने झाकायची.

कापलेल्या प्रत्येक कडेला, मग ती दिसो न दिसो, एज बँडिंग किंवा पॉलियुरेथेन सीलरचे दोन हात द्या. मेस्त ‘ही कड आत जाते’ म्हणून ती सोडतो. त्याला सोडू देऊ नका.

वरचं प्लाय, पट्ट्या आणि दगड

१८३६ × ८४० चा प्लायचा तुकडा पुढे कपाटाच्या तोंडाशी जुळवून वर ठेवा. मागे तो पाठीच्या बाहेर येतो. त्यावर चार खाचा पाडा, ४० रुंद आणि १० खोल, कपाटांच्या उभ्या बाजूंवर येतील अशा. त्यांत लोखंडी पट्ट्या प्लायशी सपाट बसवा. प्रत्येक पट्टीचा सुमारे ३०० मि.मी. भाग कपाटावर आणि २३५ बाहेर. पट्टीला आधीच पाडून घेतलेल्या भोकांतून खालच्या कडेत स्क्रू आवळा.

दगड मागे २६५ बाहेर येतो. २० मि.मी. ग्रॅनाइट आधाराशिवाय २०० च्या पुढे नेऊ नये. तो वाकत नाही, एकदम तुटतो, आणि तुटतो तो बहुधा कोणी कोपर टेकून उठताना.

कोणता दगड? ग्रॅनाइट, शक्यतो गडद. संगमरवर इथल्या स्वयंपाकाला झेपत नाही. आमसुलं, चिंच, लिंबू यांच्या आंबटाने त्याची झिलई जाते आणि हळद तर आतच मुरते. वर लाकडी फळी हवीच असेल तर फणस किंवा सागवान चालेल. मात्र ती पक्की स्क्रूने आवळू नका. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आटते, म्हणून खालून लांबट भोकांतूनच पकडायची, नाहीतर मधोमध तडा जातो.

दगडाचं अंतिम माप कपाटं बसल्यावरच द्या, आधीच्या नकाशावरून नाही. कडेला ३ मि.मी.चा उतार आणि खालच्या बाजूला कडेपासून १० आत एक बारीक खाच मागा. सांडलेलं पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडतं, प्लायकडे वळत नाही.

२० मि.मी. ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला ५४ किलो, म्हणजे हा तुकडा ९१ किलोचा. चार माणसं लागतात. दगड नेहमी उभा, काचेसारखा न्यायचा, आडवा धरला तर स्वतःच्या वजनाने मधून जातो. टेकवतानाही आधी लांब कड प्लायवर, मग हळूहळू आडवा.

आणि इथेच दगडवाल्याशी वाद होतो. चिऱ्याच्या किंवा कडप्प्याच्या ओट्यावर दगड सिमेंटच्या मालावर बसवायची त्याची सवय असते. प्लायवर ओला माल घातला की त्यातलं पाणी प्लाय पितं, वरून दगडाने झाकलं गेल्यामुळे ते सुकत नाही, आणि काही महिन्यांत आतून कुबट वास येऊ लागतो. त्याला स्पष्ट सांगा: दर ३०० मि.मी.वर सिलिकॉनचा लाडवाएवढा गोळा, दुसरं काही नाही. दगड आपल्या वजनाने बसतो, आणि उद्या काढायचा झाला तर पातळ तारेने सिलिकॉन कापून निघतो. २४ तास त्यावर काही ठेवू नका.

दारं, खण, स्कर्टिंग

शटर दगड बसल्यानंतरच जुळवा. ९१ किलो आल्यावर पाय किंचित बसतात आणि आधी केलेली जुळवणी फुकट जाते. बिजागरीच्या एका स्क्रूने शटर डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्याने आत-बाहेर, आणि पट्टीवरच्या स्क्रूंनी वर-खाली. दोन शटरमध्ये ३ मि.मी., म्हणजे एक सूत फट ठेवा. बिजागऱ्या ३०४ स्टेनलेसच्या घ्या. किमतीतला फरक सहा-आठ नगांत फार जाणवत नाही. खणाचे चॅनेल ४५ किलो पेलणारे. नारळ, पाटा-वरवंटा, पितळी भांडी असलं काही असेल तर ते सगळ्यात खालच्या खणात.

स्कर्टिंग पायांना क्लिपने लागते. ती जमिनीला सिलिकॉनने चिकटवू नका. आत गेलेलं पाणी बाहेर यायला आणि हवा खेळायला ती फट लागते. मागच्या आणि पुढच्या स्कर्टिंगमध्ये एकेक जाळी बसवा, समोरासमोर. वर्षातून दोनदा क्लिप काढून आत बघता येतं, वाळवीची मातीची नळी दिसली तर लगेच कळतं.

वीज, गॅस, पाणी

मिक्सरसाठी एक १६ अँपिअरचा सॉकेट कुशीच्या पॅनेलवर, दगडाखाली दीडशे मि.मी.वर. दगडात बसवायचे वर उचलले जाणारे सॉकेट टाळा, खोबऱ्याचा रस तिथेच सांडणार. नळी जमिनीतून यायची असेल तर तिची खाच कपाटांच्या आधी, २.५ चौ.मि.मी. तांब्याची तार, अर्थिंग, आणि घरच्या बोर्डवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). हे काम परवानाधारक वायरमनकडूनच.

गॅसची शेगडी इथे नको. सिलिंडरची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे सिलिंडरही ओट्यात कोंडावा लागेल. इंडक्शन चालतो. सिंकही नको, जमिनीतून सांडपाण्याला पुरेसा उतार मिळणं कठीण, आणि मासे धुवायला भिंतीकडचं सिंक आहेच.

पहिला पावसाळा

शक्य असेल तर काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये आणलेलं प्लाय आधीच ओलावा घेऊन येतं, त्यावर सनमायका चिकटवला की तो पुढे फुगे धरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये रिकाम्या कपाटांत बुरशीचा पांढुरका थर येतो. दुपारी तासभर दारं उघडी ठेवली आणि भांडी पूर्ण सुकवून आत ठेवली तर तो धरत नाही. कागद अंथरायची सवय असेल तर पावसाळ्यापुरती सोडा, बुरशी कागदाखालीच वाढते. याच दिवसांत भरीव लाकडाची शटर घासू लागतात. त्यांना रंधा लावू नका, बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवा. रंधा मारलेलं शटर डिसेंबरात आटलं की बोटभर फट दिसते, आणि कापलेली कच्ची कड पुढच्या पावसाला उघडी मिळते.